गेटाची रिकामी जागा

एका शब्दावरून दादारावांचं डोकं शुक्रवारपासून फिरलेलं होतं. शब्द होता ‘झिजलेला’.

परदेशात, वुस्टरजवळच्या एका म्युझियममध्ये ते धातूच्या जुन्या वस्तू साफ करायचे. महिनाभर सुईच्या टोकाने मळ काढून त्यांनी एक रोमन नाणं उजेडात आणलं होतं. नाण्यावर समोरासमोर दोन सम्राट भाऊ. त्यातला थोरला कॅराकॅला कुरळ्या केसांसकट शाबूत, आणि धाकट्या गेटाच्या जागी नुसते ओरखडे. थोरल्याने धाकट्याला ठार मारलं आणि हुकूम सोडला, की कमानींवरून, पुतळ्यांवरून, नाण्यांवरून त्याचं तोंड आणि नाव काढून टाका. कुणीतरी छिन्नी घेऊन ते इमानेइतबारे केलं. आणि प्रदर्शनाच्या पाटीवर क्युरेटरबाईंनी टाइप करून आणलं, ‘एक चेहरा झिजलेला’.

“झिजलेला म्हणे,” शनिवारी दुपारी श्रूजबरीच्या घरात ते बायकोला चौथ्यांदा सांगत होते. “अगं, झिजतं ते आपोआप. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. अठराशे वर्षांनंतरही घाव मोजता येतात, आणि या बाईला ते लिहायची लाज वाटते. मी तोंडावर सांगितलं, पाटी बदला, नाहीतर माझं नाव त्या प्रदर्शनातून कॅन्सल करा.”

“सांगितलंत ना? मग आता आवरा,” सुलेखा पोहे भिजवताना म्हणाली. “मराठी मंडळाची माणसं येतील.”

पंच्याऐंशी सालच्या गणपतीची मीटिंग त्यांच्याकडे होती. दादाराव तणतणतच खुर्चीवर चढले आणि त्यांनी भिंतीवरून वडिलांचा फोटो उतरवला. नागपूर, ऑक्टोबर छप्पन्न. बौद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रामभाऊ पांढऱ्या कपड्यांत स्टुडिओत ताठ उभे होते, हातात बाबासाहेबांची तसबीर. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, रामभाऊ गजभिये. मंडळ दादारावांना हिंगणीकर म्हणून ओळखत होतं. गावावरून घेतलेलं हे आडनाव त्यांनी पासपोर्टच्या आधी अफिडेव्हिट करून लावलं होतं. गेली नऊ वर्षं मंडळाची माणसं यायची म्हटलं, की रामभाऊ कोटांच्या कपाटात जायचे.

चौदा वर्षांची उत्तरा सोफ्यावरून बघत होती. “हू डिड इट, बाबा? ते कॉइनवरचं? सोल्जर्स?”

“भावाने करवून घेतलं. सख्ख्या भावाने, घरच्याच माणसाने. त्याचाच तर संताप येतो मला.”

उत्तराने त्यांच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं. मग भिंतीकडे, जिथे खिळा होता आणि त्याभोवती रंगाचा एक उजळ चौकोन.

“लाइक यू अँड आजोबा,” ती म्हणाली.

दादारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काय बोललीस?” ते ओरडले. ते पोरीवर संतापले. तिला एवढं बोलू देणाऱ्या सुलेखावर संतापले. पहिला चहा संपायच्या आत आडनाव विचारून मूळ गाव खोदून काढणाऱ्या मंडळावर तर जळफळलेच. मग रागवायला कुणी उरलं नाही. छप्पन्नच्या त्या फोटोत त्यांचा बाप काहीही न लपवता ताठ उभा राहिला होता, आणि त्याला कोटांमागे कोंबणारा हात त्यांचा स्वतःचा होता. त्यांना स्वतःची किळस आली.

बेल वाजली. ते पुन्हा खुर्चीवर चढले.

“आज नको,” सुलेखा दबक्या आवाजात म्हणाली. “उत्तराच्या सगळ्या मैत्रिणी त्यांच्यातल्याच आहेत.”

“कळू दे त्यांनाही,” ते म्हणाले. त्यांनी फोटो खिळ्याला अडकवला, तो जरा तिरकाच लागला.

उत्तराने दार उघडलं. अध्यक्ष जगन्नाथकाका आणि पद्मिनीकाकू आत आले. काकांचं लक्ष सरळ भिंतीकडे गेलं. त्यांनी चष्मा वर करून खालची अक्षरं वाचली.

“हे गजभिये कोण?”

“माझे वडील.”

“पण तुम्ही तर हिंगणीकर ना?”

“गजभियेच. नाव मी खरवडून काढलं होतं.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांच्या हातातली मंडळाची फाइल तशीच राहिली. स्वयंपाकघरात फोडणी जळल्याचा वास सुटला, तरी सुलेखा जागची हलली नाही.

“बसा,” दादाराव म्हणाले. “आणि बसायचं नसेल तर तेही आत्ताच सांगा. चहा टाकायचा आहे.”