सोनीबाईची उलटतपासणी

माझे वडील भीमसिंग आडे वीस वर्षं फौजेत होते आणि गेली पंधरा वर्षं वकिलीत आहेत. दोन्हीकडे त्यांनी एकच नियम पाळला, ड्युटीचं घरात बोलायचं नाही. त्यामुळे समोरच्या पक्षाच्या साक्षीदारांच्या यादीत माझ्या आईचं नाव आलं, तेव्हा त्यांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि जेवायला बसले. आईने, म्हणजे आमच्या बोलीत याडीने, भाकरी वाढली. पुढचे पंधरा दिवस दोघं फक्त म्हशीबद्दल बोलले.

दावा साधा होता. आमच्या तांड्यापासून फाट्यापर्यंत शेतांमधून एक पांदण जाते. श्रावणने आपल्या शेतापाशी काटेरी तार ओढून ती बंद केली. पलीकडे हिरासिंगचं शेत, आणि तिथे बैलगाडी न्यायला दुसरी वाट नाही. हिरासिंगने दारव्ह्याला तहसीलदारांकडे दावा लावला, श्रावणने बांना वकील केलं. श्रावणचं म्हणणं, इथे पांदण कधी नव्हतीच, नुसता धुरा होता, दोन शेतांमधला बांध. त्याचं खरं ठरलं तर हिरासिंगचा वेचलेला कापूस शेतातच पडून राहणार, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बांना मात्र श्रावणचं मनापासून पटलं होतं, कारण त्यांनी स्वतः ती पांदण कधी वापरली नव्हती. सुटीवर यायचे ते ट्रंकेसकट डांबरी रस्त्याने, कुणाच्या तरी बैलगाडीत बसून. वीस वर्षांत किती दिवस घरी होते, ते त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. सोळाशे चार. ती वही ते पाहुण्यांना दाखवतात आणि म्हणतात, "एक सुटी वाया नाही घालवली. सगळी घरच्यांले देल्ली." ते खोटं नाही. माझ्या जन्माला ते हजर होते, माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडले. आपण बायकापोरांचा माणूस आहोत, याबद्दल त्यांची स्वतःची साक्ष एकदम पक्की आहे.

तारखेच्या दिवशी बांनीच याडीला स्कूटरवर दारव्ह्याला नेलं. समोरच्या साक्षीदाराशी बोलणं बरोबर नाही म्हणून चौदा किलोमीटर एक शब्द बोलले नाहीत. मी मागून माझ्या स्कुटीवर. शाळेतून रजा काढली होती. असला तमाशा कोण चुकवणार?

"या तुमच्या कोण?" तहसीलदार मॅडमनी विचारलं.

"साक्षीदार," बा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मिसेस."

हिरासिंगचे वकील सदाशिवराव गालातल्या गालात हसत म्हणाले, हरकत नाही. श्रावण म्हणाला, "माही बी नाही. आमचे वकीलसाहेब बायकोले भेत नाहीत." तांड्यात असं समजणारा तो एकटाच होता.

याडीने शपथेवर सांगितलं की पांदण होती, आणि बा उलटतपासणीला उभे राहिले. उभे म्हणजे सावधानमध्ये.

"तुमचं म्हणणं, पांदण जुनी आहे?" बांनी तिला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली."

"मी वीस वर्षं सुटीवर आलो. मले कशी नाही दिसली?"

"तुमी डांबरीनं येत होते. टेचात."

मॅडमनी रुमाल तोंडाशी नेला. बांचे कान लाल झाले. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे त्यांनी मला मी सहावीत असल्यापासून शिकवलंय. मी शाळामास्तरीण झाले तरी शिकवायचं थांबले नाहीत. आणि आता त्यांनी नेमका तोच विचारला.

"त्या पांदणीनं जायचं तुम्हाले असं काय काम पडलं होतं?"

याडीने पदर सारखा केला.

"नव्याण्णव साल. तुमी कारगिलले. कागद येनं बंद झालं. पोस्टमन दहाच्या पुसद गाडीनं फाट्यावर उतरे. मी रोज पांदणीनं जात होती. कागद नसला का त्याच वाटेनं वापस. पानी लागलं तवा चिखलातून, चप्पल हातात घेऊन. बहात्तर दिवस." तिने श्रावणकडे पाहिलं. "याच्या बापाची विहीर हाय पांदणीवर. म्हातारा रोज पानी पाजे. रोज इचारे, 'आला का वं कागद?' त्र्याहत्तराव्या दिवशी आला. मले वाचता येत नाही. त्यानंच वाचून दाखवला, पांदणीत उभं राहून."

"काय लिवलं होतं?" बांनी विचारलं. दाव्याशी या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. सदाशिवरावांनी हरकत घेतली नाही.

"म्हशीले लस टोचून घे, असं."

कोणी हसलं नाही. श्रावण खाली बघत होता. मी त्या साली आठ वर्षांची होते. याडी मला शेजारच्या रुपीबाईकडे बसवून जायची, सरपणाला जाते म्हणायची, आणि खरंच रोज डोक्यावर काड्या घेऊन यायची. मी त्या चुलीत घालायचे. तहसील कचेरीत रडू नये असा काही नियम नाही. मी रडले.

"मले काहून नाही सांगितलं तू?" बा म्हणाले.

"हे लिहू नका," मॅडम कारकुनाला म्हणाल्या.

"ड्युटीचं घरात बोलाचं नाही," याडी म्हणाली, "तुमीच तं सांगितलं होतं."

बा म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत, आणि बसले. निकालाची तारीख आठ दिवसांनंतरची पडली, पण निकाल काय लागणार ते श्रावणलाही कळलं होतं.

परतताना बांनी फाट्यावर स्कूटर थांबवली आणि काळ्या कोटासकट पांदणीत शिरले. मागे याडी, तिच्यामागे मी. तार आली. निकाल लागेपर्यंत ती त्यांच्याच पक्षकाराची होती. बांनी वरची तार हाताने उचलली, खालची बुटाने दाबली. याडी वाकून पलीकडे गेली. ते स्वतः जाताना कोट अडकून पाठीवर टरकन फाटला. याडीने सोडवला.

विहिरीपाशी बांनी विचारलं, "कोठी वाचला?"

"हे इथं."

बा त्या जागेवर उभे राहिले. मग म्हणाले, "त्या कागदात काय पाह्यजे होतं?"

याडीने विचार केला. "म्हशीचं ठीकच होतं. खाली एखादी ओळ माही असती तं झालं असतं."

बांनी दाव्याच्या फाइलमधून एक कोरा कागद काढला, फाइल गुडघ्यावर धरून काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि याडीच्या हातात दिला. तिने तो उलटा सुलटा पाहून माझ्याकडे दिला.

"वाच वं ममता."

मी पांदणीत उभं राहून वाचून दाखवला. "सोनी, तुझी आठवण येते. रोज येत होती. म्हशीची लस या महिन्यात राहिली आहे."