दोन खोल्यांनी ठरवलेलं वाक्य

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरी, नोकरीच्या तक्रारींच्या ट्रायब्युनलमध्ये दोन्ही पक्षांना वेगळ्या खोल्या दिल्या होत्या. एकीत वरदा, तिचा नवरा स्वानंद आणि सॉलिसिटर. दुसरीत कंपनीची माणसं आणि तिचा मॅनेजर अंबरीश. तडजोड घडवायला न्यायाधीशबाई दिवसभर मधल्या कॉरिडॉरमधून ये-जा करत राहिल्या.

"सही कर गं," स्वानंद म्हणाला. "केस उभी राहिली तर लिफ्टमध्ये त्याचा हात नक्की कुठे होता, इथपर्यंत विचारतील."

"विचारू देत ना."

"आणि मराठी मंडळात तोंड कसं दाखवायचं?"

वरदाने सही केली. बाईंनी तडजोडीला मान्यता दिली. अंबरीश नोकरीत राहिला, वरदा घरी. झालेलं तिने सांगायचं ते फक्त नवऱ्याला, डॉक्टरला, पोलिसांना. बाकी कुणी विचारलंच तर एकच वाक्य, दोन्ही खोल्यांनी घासूनपुसून ठरवलेलं. मोडलं तर खटला उलट तिच्यावर.

ते वाक्य पुढे येईलच.

मेडनहेडच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती. आरतीचं तबक अंबरीशच्या हातात, दरवर्षीसारखं. मैत्रिणीची मुलगी तनू पेढ्यांचा बॉक्स घेऊन धावत आली.

"वरदामावशी, मला जॉब लागला! अंबरीशकाकाच्या टीममध्ये, मंडेपासून!" आणि पाया पडायला वाकली. "तुझ्यामुळेच. तूच नाही का माझा सीव्ही त्याला दिला होतास?"

दिला होता. लिफ्टच्या आधी. याच हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेत. 'आपलाच माणूस आहे, सांभाळून घेईल,' असं तनूच्या आईला वर सांगितलंही होतं.

वरदाने तिला बाजूला ओढलं. म्हणाली, "तनू, जाऊ नकोस तिथे. तो माणूस—"

नाही. असं झालं नाही. पुन्हा.

वरदाने तिला बाजूला ओढलं. म्हणाली, "त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये एकटी कधीही—"

हेही नाही. स्वानंद पलीकडून बघत होता. अंबरीशच्या हातातलं तबक एकेकापुढे थांबत जवळ येत होतं.

झालं ते एवढंच. तनूने तिला पेढा भरवला आणि विचारलं, "पण मावशी, तू जॉब का सोडलास? एवढी मस्त टीम!"

पेढा गिळेपर्यंत वेळ होता. तेवढ्यात पुरतं सांगून झालं असतं.

"घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मी स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडली," वरदा म्हणाली. एकदाही न अडखळता.

तबक आलं. वरदाने आरती घेतली.

मग ते तनूपुढे गेलं.