व्हर्लिनची होडी पाण्यात उतरते

टिली तलावावर होड्या पाण्यात सोडायचा जो काँक्रीटचा उतार आहे, त्याच्या शेजारी व्हर्लिन हॉगेनची घडीची खुर्ची गेले कित्येक उन्हाळे मांडलेली असायची. सुट्टीच्या दिवशी तो थर्मास घेऊन तिथे बसे आणि गाडीमागचा होडीचा ट्रेलर रिव्हर्स घेताना लोकांची उडणारी भंबेरी डोळे भरून पाही. वर नावंही ठेवी, आणि ती चिकटत. पास्टर ऑस्बी होडीच्या बुडाचं बूच लावायला विसरले आणि होडीत गुडघाभर पाणी झालं. तेव्हापासून गाव त्यांना चर्चच्या दारातसुद्धा ‘बूच’ म्हणे. ड्युएनने होडी ट्रेलरला बांधणारे मागचे पट्टे न सोडताच ती ढकलली, तर तिच्यासकट ट्रेलरही तरंगायला लागला. तो झाला ‘पट्टा’.

स्वतः या शहाण्याने मात्र कधी होडी घेतली नव्हती. एवढ्यांची टर उडवल्यावर आपल्याला कोण सोडणार, या धास्तीने त्याला झोप लागली नसती. त्याची बायको आर्लिस दर उन्हाळ्यात म्हणायची, "एकदा तरी मला त्या पाण्यावर ने रे." तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." या वर्षी ती काहीच म्हणाली नाही. ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. तो उठला आणि मोटर बसवलेली जुनी ॲल्युमिनियमची होडी ट्रेलरसकट विकत घेऊन आला.

सबंध जून त्याने शाळेच्या रिकाम्या आवारात ट्रेलर मागे घ्यायचा चोरून सराव केला. पण असली बातमी लपते होय? चार जुलैच्या सुट्टीला तो तलावावर पोचला तेव्हा उताराच्या कडेला खुर्च्याच खुर्च्या होत्या. त्याच्या नेहमीच्या जागी ड्युएन पाय पसरून बसला होता आणि पास्टरीणबाई डबा उघडून सगळ्यांना लिंबाच्या वड्या वाटत होत्या.

"ये व्हर्ल्या, ये! तुझीच वाट बघतोय," ड्युएन ओरडला.

"तोंड मिटून बघ, काहीतरी शिकशील."

आर्लिस व्हर्लिनसारखंच लाइफ जॅकेट घालून, मांडीवर पर्स घेऊन आधीच होडीत बसली होती. व्हर्लिनने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बूच लावलं! पट्टे सोडले!" पास्टर खाली बघून खोकले. मग त्याने होडी ट्रेलरला धरून ठेवणारा पुढचा हूक काढला, पिकअपमध्ये बसला आणि ट्रेलर असा सरळ मागे नेला की कुणाला नाव ठेवायला जागाच उरली नाही. ब्रेक दाबताच होडी अलगद पाण्यात सरकली. हँडब्रेक ओढून तो खाली उतरला आणि टोपी काढून चक्क लवून मुजरा केला.

"काय रे पट्ट्या, वाचा बसली का? ठेव ना आता नाव!"

ड्युएन त्याच्याकडे बघतच नव्हता. तो तलावाकडे बघत होता.

"व्हर्लिन," तो हळूच म्हणाला, "होडीची दोरी कुणाकडे आहे?"

दोरी कुणाकडेच नव्हती. ती होडीमागून पाण्यात लोळत चालली होती आणि वारा आर्लिसला बिनबोभाट तलावाच्या मधोमध घेऊन निघाला होता.

"आर्लिस! मोटर चालू कर!"

"किल्ली कुठाय?"

व्हर्लिनने खिसा चाचपला. मग काठावर जो काही हशा उसळला, त्यात पास्टर खुर्चीवरून घसरले आणि पास्टरीणबाईंचा डबा उपडा झाला. आर्लिस मिरवणुकीतल्या राणीसारखी सगळ्यांना हात हलवत होती. व्हर्लिनने बुटांसकट पाण्यात उडी घेतली.

लाइफ जॅकेट अंगावर असल्यामुळे तो बुडाला नाही, एवढंच. पोहणं त्याला बेताचंच येत होतं. तो धापा टाकत होडीशी पोचला तेव्हा आर्लिस वाकून म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?"

"खेच गं बये!"

तिने पँटचा कमरपट्टा धरून त्याला आत ओढलं. तो तळाशी मासा पडावा तसा पडला आणि त्यालाच हसू फुटलं. तिकडे काठावर सगळे तालात ओरडायला लागले होते, "किल्ली! किल्ली!" ज्या घटकेची त्याने आयुष्यभर धास्ती घेतली ती आली होती, आणि त्याला तर गुदगुल्या होत होत्या. त्याने खिशातून ओली किल्ली काढली.

"थांब," आर्लिसने त्याचा हात धरला. "लगेच परत नेशील मला."

"नाही नेणार."

"तरी राहू दे. मस्त चाललंय."

त्याने किल्ली परत खिशात टाकली. काठावरच्या खुर्च्या बोटाएवढ्या झाल्या होत्या. एवढ्या जवळून त्याने हे पाणी कधी पाहिलंच नव्हतं. आर्लिसने पर्स उघडून कागदात गुंडाळलेलं सँडविच काढलं.

"ए किल्ली," ती म्हणाली, "अर्धं देऊ?"

"दे," तो म्हणाला.