तरंगत्या बरगड्या

‘बारा जोड्यांची भावंडं, एका पाठीला लागली,
दोन राहिली मोकळी, उरी कुणी ना धरली…’

थोरलीचा तो जुना आवाज धाकटीच्या कानातून जाता जात नव्हता. तेव्हा धाकटी दहावीत होती आणि थोरली डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला पहिल्यांदा बसणार होती. धाकटीची वेणी घालता घालता ती बरगड्या पाठ करायची. शेवटच्या दोन जोड्या कण्याला धरून असतात, पण पुढे छातीच्या हाडापर्यंत पोचतच नाहीत. त्यांचं तिनं गाणं केलं होतं.

“मग त्यांचं काय होतं गं ताई?”

“काय व्हायचंय? तरंगतात. हलू नकोस, भांग वाकडा होतोय.”

त्या वर्षी थोरलीला थोडे गुण कमी पडले. दुसऱ्या वर्षी तिचे गुण वाढले, तर प्रवेशाची रेघ त्याहून वर चढून बसली. बारावीचे नव्वदीपुढचे मार्क कुणी विचारलेसुद्धा नाहीत. तिसऱ्या वर्षी दोघी बहिणी एकदमच परीक्षेला बसल्या. धाकटीचा सगळा अभ्यास थोरलीच्या गाण्यांवर झालेला. निकाल लागला तेव्हा धाकटी रेघेच्या वर होती, थोरली चार गुणांनी खाली.

चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या बाबांना कळेना, कुठल्या लेकीकडे कुठल्या डोळ्यांनी बघावं.

थोरली मात्र हसतच सुटली. शेजारपाजाऱ्यांचं तोंड गोड करून आली. धाकटीची बॅग तिनंच भरली, पांढऱ्या कोटाची बटणं दोरा दुहेरी करून पुन्हा शिवली. पण त्या दिवसापासून तिनं गाणं म्हटलं नव्हतं.

आज निघायचं होतं. बाबा गाडी बघायला गेले होते. धाकटी आरशासमोर बसली, मागे थोरली कंगवा घेऊन.

“तिथं वेणी घालायला कोण येणारे? कापून टाक केस. नाहीतर चिरफाड शिकताना मढ्याच्या पोटात गळतील.”

“ताई, एकदा तरी रड गं. शिव्या दे मला.”

“फुकट नाही देत. फी पडेल, डॉक्टरीणबाई.”

“मी जातच नाही मग.”

“येडे, तू जागा सोडलीस म्हणून ती मला मिळते होय? मधलं कुणीतरी तिसरंच चढून बसेल.”

धाकटीनं रिबीन मागे धरली. ती हळूच म्हणाली, “बरगड्यांचं म्हण ना. जाता जाता.”

थोरलीनं केसांचे तीन पेड पाडले.

“बारा जोड्यांची भावंडं, एका पाठीला…”

पुढचं येईना. हात थांबले. ती इतकी खाली वाकली होती, की आरशात धाकटीला तिचा चेहरा दिसेना. नुसती वेणीला ओढ लागली होती, भरल्या कळशीनं दोराला लागावी तशी. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाबांनी हाक मारली. थोरलीनं वेणी सोडली नाही.

“मला आनंद नाही झाला गं,” ती म्हणाली. “तुझा निकाल बघितला तेव्हा. नाहीच झाला. मला जायचं होतं. तुझ्याआधी मला जायचं होतं.”