आखडलेला तुकडा

माणूस दुकानाची पायरी चढला की खाटीक त्याला मनातल्या तागडीत टाकत असे. हाड किती, चरबी किती, कामाचं किती. चाळीस वर्षांत हा अंदाज सहसा चुकला नव्हता. शाळेचा हेडमास्तर म्हणजे सगळी चरबी, तीही पोटाभोवती. समोरचा शिंपी निव्वळ हाड. आणि जावयाला टाकला की पारडं हलायचंच नाही. एक चष्मा, एक पेन आणि त्या दोघांना धरून ठेवायला लागेल तेवढं मांस, असा एकूण ऐवज.

हा ऐवज कॉलेजात स्नायूंवर संशोधन करायचा. स्वतःच्या अंगावर सापडले नाहीत म्हणून बिचारा मेंढ्याच्या अंगावर शोधतोय, असं खाटीक गिऱ्हाइकांना सांगायचा. जावई समोर उभा असला तर जरा मोठ्याने सांगायचा.

गेले सात महिने जावई रोज सकाळी येत होता. नाकाला रुमाल, हातात निळा डबा. मेंढा आकड्याला लागून कातडं निघालं की पाठीच्या लांब मांसातला बोटभर तुकडा मागायचा, पाठ फिरवून डब्यात टाकायचा, झाकण लावायचा आणि निघायचा. चहा घेता का, असं खाटकाने विचारलं नाही आणि त्यानेही कधी टेकायची इच्छा दाखवली नाही. तुकड्याचं पुढे काय होतं हेही खाटकाने विचारलं नाही. विचारणं म्हणजे किंमत देणं झालं असतं.

सोमवारी दुपारी लेक दुकानात आली. बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. नवऱ्याची नोकरी अजून कच्ची होती. जनावराच्या अंगातून काढलेला स्नायूचा तंतू काचेच्या नळीत आखडून दाखवीन आणि परत सैल करून दाखवीन, असं त्याने कॉलेजला लिहून दिलं होतं. सात महिन्यांत ते एकदाही जमलं नव्हतं. तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत लाकूड झालेला असायचा, ताणला तर तुटायचा. शुक्रवारी बाहेरून परीक्षक येणार होता. त्याच्यासमोर जमलं नाही तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर कॉलेजने दिलेलं घरही.

खाटीक सुऱ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत ऐकत होता. जाईना का नोकरी, असंच त्याच्या मनात होतं. लेक परत येईल, दुकानात बसेल. जावयालाही एका कोपऱ्यात ठेवता येईल, फारशी जागा व्यापायचा नाही.

"ह्यांनी बाईंना कागद लिहून दिलाय," लेक म्हणाली. बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. "मांस शिळं मिळतं म्हणून प्रयोग फसतो, असा."

अंगठा थांबला. "कुणाचं मांस?"

"तुमचं, बाबा."

मंगळवारी सकाळचा धंदा उरकल्या उरकल्या खाटीक कॉलेजात गेला. खांद्यावर फडक्यात गुंडाळलेली मेंढ्याची अख्खी तंगडी होती. प्रयोगशाळेत दोन माणसं एका तारेकडे बघत बसली होती आणि तिसरा त्या दोघांकडे. एवढ्या मोठ्या खोलीत धार लावावी अशी एकही वस्तू नव्हती. त्याने तंगडी टेबलावर टाकली आणि जावयाला सांगितलं, वास घ्या.

"बाबा, टेबल निर्जंतुक केलेलं आहे," जावई म्हणाला.

"होतं."

वास घ्यावाच लागला. शिळेपणाचं नाव नव्हतं. मग खाटकाने स्टूल ओढलं आणि तुम्ही माझ्या मालाचं इथे करता तरी काय, ते दाखवा म्हणाला. जावई फळ्याकडे वळला. घरात चार शब्द न बोलणारा हा माणूस हातात खडू आला की नळ सोडल्यासारखा सुरू झाला.

मांसाच्या एका तंतूत हजारो बारीक धागे असतात, तो सांगत होता. जाड आणि बारीक. दोन हातांची बोटं एकमेकांत सरकवावीत तसे ते आलटूनपालटून बसलेले. जाड धाग्याला शेकडो इवली डोकी. एरवी बारीक धाग्यावरची पकडायची जागा झाकलेली असते. मेंदूचा निरोप आला की तंतूतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम सुटतं आणि ती जागा उघडी पडते. मग डोकी धागा पकडतात, मान वाकवून ओढतात, सोडतात आणि पुढची जागा पकडतात. धागा कुठलाच आखूड होत नाही. नुसते एकमेकांत सरकतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, स्नायू आखडला.

"विहिरीतून दोर ओढतात तसं," खाटीक म्हणाला.

"साधारण."

हा 'साधारण' खाटकाला लग्नाच्या बोलण्यांपासून माहीत होता. त्याने तो गिळला.

जावई पुढे म्हणाला, खरी गंमत सोडण्यात आहे. पकडलेलं डोकं आपण होऊन सुटत नाही. एटीपी नावाचा कण येऊन त्याला चिकटावा लागतो, तेव्हा पकड सुटते. जनावर मेलं की नवा कण तयार होणं थांबतं. शिल्लक साठा संपला की डोकी जिथे पकडून बसली असतील तिथेच अडकतात. म्हणून मेलेलं अंग ताठ होतं.

मांस किती तासांनी ताठतं आणि किती तासांनी मऊ पडतं, हे खाटकाला बोटांनी कळत होतं. पण आत कुणीतरी काही धरून बसलेलं असतं आणि त्याला सोडायचं बळ उरलेलं नसतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो फळ्याकडे हवा त्याहून थोडा जास्त वेळ बघत राहिला. मग स्वतःचाच राग येऊन त्याने सकाळचा तुकडा मागितला.

जावयाने निळा डबा उघडला. डब्यात बर्फ होता. बर्फात बोटभर तुकडा अर्ध्या बोटाचा होऊन गठ्ठ्यासारखा पडला होता.

"गरम मांस बर्फात घालता?" खाटकाने इतक्या हळू विचारलं की तारेकडे बघणारे दोघेही वळले.

ताजं राहावं म्हणून, जावई म्हणाला.

मग खाटकाने सात महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर काढलं. माझ्याकडे फरशी धुणारी म्हातारी आहे, तिला सही करता येत नाही, पण हे तिलाही कळतं. नुकतं कापलेलं मांस हाडावरच लटकू द्यायचं, आपल्या चालीने निवू द्यायचं. हाडावर आहे तोवर त्याला अंग चोरता येत नाही. सोडवून थंडीत टाकलंत की ते निम्मं होतं, मग शिजवा नाहीतर चपलेला लावा.

जावई ऐकता ऐकता मट्कन स्टुलावर बसला. मग उठला आणि फळ्यावर भराभर लिहायला लागला. थंडीने कॅल्शियम परत पिशवीत भरणारे पंप मंदावतात. कॅल्शियम बाहेरच राहतं. साठा आहे तोवर डोकी ओढत सुटतात, अडवायला हाड नाही. साठा संपतो आणि आखडलेल्या जागीच सगळं अडकतं. सात महिने प्रयोग डब्यातच होत होता आणि हा माणूस डबा उघडून रिकाम्या नळीत बघत होता.

"तुम्ही सांगायचं तरी," तो म्हणाला.

"झाकण होतं."

"विचारायचं."

"तुम्ही विचारलंत?"

मग खाटीक कामाचं बोलला. मांस अंगावर असतानाच त्याला काडी लावायची, दोन्ही टोकं दोऱ्याने काडीला बांधायची, मगच कापायचं. काडी म्हणजेच हाड. बर्फ नको.

बुधवारी आणि गुरुवारी जावई दुकानात उभा राहून गाठी शिकला. ओलं, निसरडं मांस आणि बारीक दोरा. पहिल्या दिवशी बावीस गाठी, पैकी एकोणीस सुटल्या. खाटीक मोठ्याने मोजत होता. ही गाठ आहे की जांभई, असं त्याने एकदा विचारलं आणि रांगेतली गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्या दिवशी तीस, पैकी अकरा सुटल्या. खाटकाच्या लेखी हेही लाजिरवाणंच होतं.

शुक्रवारी परीक्षक आला. खाटकाने त्याला तागडीत टाकला. ऐंशी किलो, पैकी साठ किलो शंका. सात महिने न झालेली गोष्ट आज कशी होते, ते मला पहिल्यापासून बघायचंय, तयार तंतू चालणार नाही, असं म्हणून तो बाईंना घेऊन थेट दुकानात आला. बाई ओल्या फरशीवर चवड्यांवर उभ्या होत्या. लेक दाराशी होती. मेंढा नुकताच आकड्याला लागला होता, मांस अजून फुरफुरत होतं. खाटकाचा हात सवयीने दोऱ्याकडे गेला.

"उमेदवारानेच बांधायचं," परीक्षक म्हणाला.

जावई पुढे झाला. आज नाकाला रुमाल नव्हता. काडी लावली, वरची गाठ बसली. खालची बसलीसं वाटलं आणि घसरली. खाटकाला ती घसरण्याआधीच दिसली होती. नुसतं खाकरलं असतं तरी जावयाला कळलं असतं, पण परीक्षकालाही कळलं असतं. खाटकाने दातांवर दात धरले. जावयाने दोरा पुन्हा घेतला, दोन वेढे दिले, कोपर बरगडीला टेकवून ओढला. त्या काडीसारख्या मनगटावर दोरीएवढं काहीतरी उभं राहिलं. गाठ बसली. मग त्याने कापलं.

प्रयोगशाळेत तुकडा तासभर द्रावणात ठेवला, त्यातून केसाएवढा तंतू काढून यंत्राला लावला. कॅल्शियमचा थेंब पडला आणि ओढ मोजणारी सुई चढली. चढून तिथेच थांबली. ती चढते याचं खोलीत कुणालाच कौतुक नव्हतं, ती उतरते का हे सगळे बघत होते. जावयाने कॅल्शियम धुवून काढलं, एटीपी असलेलं द्रावण सोडलं. सुई जागेवर. लेकीने डोळे मिटले. मग सुई, गिऱ्हाईक जातं तशी रेंगाळत, खाली आली.

परीक्षकाने तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा चढली, तिन्ही वेळा उतरली. त्याने फाइल उघडली. "इथे लिहिलंय, मांस शिळं होतं. खाटीक बदलला का?"

दाराशी उभ्या खाटकाने याचं उत्तर केव्हाच तयार ठेवलं होतं. जावई हो म्हणणार, निदान गुळमुळीत काहीतरी बोलणार, आणि मग चारचौघांत काय ऐकवायचं ते जिभेच्या टोकावर होतं.

"खाटीक तेच आहेत," जावई म्हणाला. "मांस ताजंच होतं. मी ते बर्फात घालून बिघडवत होतो. कागद मी चुकीचा दिला."

बाईंनी छताकडे बघितलं. परीक्षक बराच वेळ लिहीत राहिला. मग सही करून फाइल बाईंकडे सरकवली आणि नोकरी पक्की करायला माझी हरकत नाही म्हणाला.

खाटकाचं वाक्य जिभेवरच राहिलं. जिना उतरताना ते त्याला टोचत होतं. लेक शेजारून चालली होती, नुसती हसत होती, आणि तेही त्याला खपत नव्हतं.

"खालची गाठ दोनदा बांधावी लागली त्याला," शेवटी तो म्हणाला.

"बसली ना पण, बाबा."

"पहिल्यांदाच बसायला हवी होती. उद्या पाठव त्याला सकाळी," खाटीक म्हणाला. "आणि सांग, जरा लवकर ये म्हणावं. चहा होईपर्यंत दहा गाठी होतील."