रिकाम्या जात्याची घरघर

पौषातली पहाट. काळ्याभोर रानावर दंव उतरलेलं. ज्वारीची ताटं दंवाच्या भारानं एकाच अंगाला कललेली. सारं शिवार जणू कुणाच्या तरी पावलांकडे कान देऊन उभं. पूर्वेला उजेड नव्हता, उजेडाची नुसती कुणकुण होती. राखेखालच्या विस्तवासारखी, असून न दिसणारी.

त्या निळसर, निश्चल, निद्राजड काळोखात एक आवाज उठायचा. घर्र... घर्र... घर्र... दगडावर दगड फिरल्याचा. संथ, सलग, सवयीचा. तेल्यांच्या आळीच्या टोकाला एक ठेंगणं घर होतं. त्या घरातून तो निघायचा, मातीच्या भिंतीतून झिरपायचा आणि झोपलेल्या घराघराच्या उशाशी जाऊन बसायचा.

आळी म्हणायची, "ठकूमावशी बसली दळायला." आळी कूस बदलायची. मग चुली धुपायच्या, घाण्याचे बैल उठून अंग झाडायचे, विहिरीत पोहरे पडायचे. गावात घड्याळ एकच, चावडीतलं; ते खरं चालतं की खोटं, कुणी पाहिलं नव्हतं. आळीचा दिवस ठकूमावशीच्या जात्यातून पडायचा, पिठासारखा, मऊ, पांढरा.

नाण्यावरचं राणीचं तोंड जाऊन राजाचं तोंड आलं, त्या काळातली ही गोष्ट. दक्षिणेच्या सीमेवरचा तो तालुका. तिथं माणूस मराठीत भांडण काढतो आणि कानडीत समजूत घालतो. शेंदूरवाडी त्या तालुक्यातलं बाजाराचं गाव. मंगळवार उजाडला की चहूबाजूंच्या पायवाटा गावात येऊन मिळायच्या. कुंभाराच्या घागरी उन्हात तांबूस हसायच्या. घोंगड्यांचा काळा ढीग, करडईच्या तेलाचा सोनेरी ओघळ, गुळाच्या ढेपेवर माश्यांची सावली, कासाराच्या पेटीत हिरव्या चुड्याचा किणकिणाट. पालाला लागून पाल, हाकेवर हाक. माणूस माणसाला घासून जायचा, आणि त्या घासण्यात त्याला आपण असल्याची खूण पटायची.

ठकूबाईला मात्र बाजारात कुणी घासत नव्हतं. ती कडेकडेनं जायची.

प्लेगाच्या सालानं तिचं घर धुऊन नेलं होतं. नवरा गेला, लेक गेली, दावणीची गाय कुणी सोडून नेली तेही कळलं नाही. उरलं ते जातं. काळ्या फत्तराचं, रुंद, वजनदार जातं. त्याच्या खुंट्याला धरून ती उभी राहिली. आळीत जिच्या घरी बाळंतपण, जिच्या घरी लगीन, जिचे हात तापानं गळालेले, तिचं दळण मावशीकडे यायचं. पाटीभर ज्वारी यायची, पाटीभर पीठ जायचं. मागे ओंजळभर पीठ राहायचं, आणि ओंजळीत न मावणारं बोलणं. बाया उंबऱ्यावर टेकायच्या. सासूची गाऱ्हाणी, म्हशीचं आटलेलं दूध, कुणाच्या पोरीला आलेलं स्थळ. जात्याच्या तोंडात दाण्यांची वैरण पडायची आणि मावशीच्या कानात माणसांची. पोट पिठानं भरायचं. बाकीची सगळी ती त्या बोलण्यानं भरायची.

मग शिवलिंगाप्पा वाण्यानं बाजारपेठेत इंजिन आणलं.

घासलेटवर चालणारं, पत्र्याच्या खोलीत बसवलेलं, धुराच्या नळीवर उलटा डबा घातलेलं ते इंजिन दिवसभर खोकायचं. पुक्, पुक्, पुक्. पहिल्यांदा बाया लांबूनच बघायच्या. "इंजिनाचं पीठ पोटात जळजळतं," म्हणायच्या. "त्याच्या भाकरीला चवच न्हाई." मग एकीचं मनगट सुजलं आणि ती गेली. दुसरीचा पाहुणा अवचित आला आणि ती गेली. मग कुणी कारण सांगेना आणि कुणी विचारीना. मावशीच्या उंबऱ्यावर टेकणाऱ्या पाट्या एकेक करून कमी झाल्या. मृगजळ आटावं तशा त्या आटल्या, कुठं गेल्या ते न कळता.

पाट्या थांबल्या. आवाज थांबला नाही.

कारण आवाज थांबला तर आळीला कळणार होतं. ठकूबाईला आता काम नाही, ठकूबाईच्या घरात दाणा नाही, हे भिंतीभिंतीला कळणार होतं. मग कुणी झाकून भाकरी आणेल, कुणी "अरेरे" म्हणेल. उभ्या जन्मात तिनं मनगटाच्या बळावर मिळवलेलं एकच वस्त्र तिच्या अंगावर होतं, आणि ते या "अरेरे"नं फाटणार होतं. म्हणून ती पहाटे उठायची, जात्यासमोर मांडी घालायची, खुंट्याला हात घालायची आणि रिकामं जातं ओढायची.

रिकामं जातं ओढू नये, घरात भांडण येतं, असं जुन्या बाया सांगायच्या. ठकूबाईच्या घरात भांडायलाच कुणी नव्हतं.

दगडाची करकर उघडी पडू नये म्हणून ती मूठभर कोंडा घालायची. तोच कोंडा झाडून घ्यायची आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तोच. मंगळवारी बाजार उठला, पालं उतरली, दिवेलागणीची धूळ गावावर बसली, की ती धान्याच्या रांगेत जायची. मातीत सांडलेले दाणे पदरानं टिपून आणायची, शिजवून खायची. कुणी पाहिलं तर म्हणायची, "माझी सुई पडली."

त्या पौषात यल्लव्वा आली. वडाराची बाई. वर्षाला एकदा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरायची आणि बोथटलेल्या जात्यांना टाकी लावायची. छिन्नी-हातोडीनं गुळगुळीत दगडाला पुन्हा दात काढून द्यायची. उन्हानं करपलेला चेहरा, भुवयांवर दगडाची भुकटी. तिची हाक आळीत घुमली, "टाकीऽ लावायची का टाकीऽ!"

तेलघाण्याजवळ हौसा उभी होती. मावशीच्या भिंतीला भिंत लागलेलं घर तिचंच. ती हसली. "आता कुठली टाकी गं यल्लव्वा? आमच्या जात्यावर मांजर व्यालीय."

"आणि दळण?"

"गिरणीत. तू ठकूमावशीकडं जा की. आळीचं समदं तिच्याकडंच असतं. पहाटे ऐकलं न्हाईस?"

"तू घालतीस तिच्याकडं?"

"मी न्हाई बाई. बायजा घालती."

समोरच्या दारात बायजा लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "मी कुठली? माझं गिरणीतच. हौसाचं असंल. न्हाईतर पाटलांचं."

पाटलांच्या सोप्यावर जातंच नव्हतं. यल्लव्वा दार-दार फिरत गेली. प्रत्येक दारानं दुसऱ्या दाराकडे बोट केलं. हाक मारत आलेली ती बाई आळीच्या टोकाला पोचली तेव्हा गप्प झाली होती.

ठकूबाईनं तिला पाणी दिलं. "बरं झालं आलीस. दगड बोथटलाय. दे जरा टाकी."

यल्लव्वानं वरची तळी दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीला टेकवली. मग ओणवी होऊन खालच्या तळीवर तळहात फिरवला, आंधळ्यानं तोंडावरून हात फिरवावा तसा. दगडावर पिठाचा पांढरा वास नव्हता. घळींमध्ये पिठाचा कण नव्हता. होती ती कोंड्याची धूळ, आणि तिच्यात मिसळलेली करडी, थंड, चरचरीत भुकटी.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "दगडानं दगड खाल्लाय."

ठकूबाईनं पदर सावरला.

"कुणाचं दळतीस?"

"आळीचं."

"आळी फिरून आले मी."

दारातून उन्हाची एक पट्टी आत आली होती. ती दोघींच्या मध्ये पडून राहिली. बाहेर कुठंतरी घाण्याचं लाकूड कुरकुरत होतं. ठकूबाई बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता, जुन्या कापडाच्या दशीसारखा.

"कुणाला सांगू नगंस, यल्लव्वा. टाकी लावून दे आणि जा. एवढा आवाज तरी राहू दे माझा. उद्या हे जातं गप झालं तर लोक म्हणतील, ठकी मेली."

"म्हणू देत की," यल्लव्वा म्हणाली. "तसं म्हटल्यावर तरी दार उघडून बघत्याल. आता जात्याचा आवाज येतोय म्हणून कुणी येत न्हाई."

ठकूबाईनं वर पाहिलं.

"टाकी मी लावत न्हाई, अक्का. दगड कागदावानी झालाय. एक घाव घातला तर दोन तुकडे होतील. तुझ्या डोळ्यांदेखत मला ते करवत न्हाई." तिनं वरची तळी पुन्हा जागेवर बसवली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी. मग कमरेचं फडकं सोडलं, त्यातली भाकरी मोडली, अर्धी पुढं केली. "मी कुणाला सांगायची न्हाई. मी दगडाशी बोलनारी बाई. पुढच्या पौषात माझी तरी फेरी हाय का न्हाई, कुणास ठावं. खा."

दोघी जात्याच्या दोन बाजूंना बसून कोरडी भाकरी खात राहिल्या. ठकूबाईला वाटलं, कितीतरी दिवसांनी आपल्या घरात दुसऱ्या कुणाच्या तरी जिवणीचा आवाज होतो आहे. भाकरी संपू नये म्हणून ती घास घोळवत राहिली.

दुसऱ्या पहाटे पुन्हा दंव उतरलं. पुन्हा काळोख निळा झाला. ठकूबाई उठली, जात्यासमोर मांडी घालून बसली. हात खुंट्याकडे गेला. गेला आणि तिथंच थबकला. उजव्या हाताला आयुष्यभर दुसरं काही माहीत नव्हतं. तो हट्टी पोरासारखा ओढ घेऊ लागला. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि मांडीवर आणून ठेवला.

शांतता पसरली. अशी शांतता आळीनं कधी ऐकली नव्हती, म्हणून आळीनं ती ऐकलीच नाही. घरं झोपून राहिली. बैल झोपून राहिले. पूर्वेच्या काठावर तांबडं फुटलं, तांबड्याचं सोनं झालं, सोन्याचं ऊन झालं, आणि ऊन घरांच्या वळचणीवरून खाली उतरू लागलं. ठकूबाई बसून होती. एक पाऊल. एक पाऊल तरी. तिचं सारं म्हातारं शरीर एक कान झालं होतं.

"अगं बाई, ऊन आलं की!" भिंतीपलीकडे हौसा किंचाळली. भांडं पडलं. नवऱ्याला शिवी गेली. मग दाराची कडी वाजली. "मावशे! ए मावशे! आज काय मेलीस का काय?"

दार ढकलून ती आत आली आणि थांबली. ठकूबाई तिच्याकडे बघत होती.

"न्हाई मेले. बसलेय."

मागोमाग बायजा आली, तणतणत. "आमचं माणूस रानात जायचं राहिलं, धार राहिली, तुझ्यापायी..." तीही थांबली. दोघींच्या नजरा घरभर फिरल्या. थंड चूल. पालथं गाडगं. रिकाम्या पाट्या ठेवायची जागा, आणि तिथं कोळ्यानं विणलेलं जाळं.

"आज दळण कुणाचं हाय, मावशी?" हौसानं विचारलं.

"कुणाचंच न्हाई."

"कवापासनं?"

"गिरणी आली तवापासनं."

हौसानं बायजाकडे पाहिलं. "तू देत हुतीस न्हवं?"

बायजाच्या हातातली लाकडाची मोळी खाली आली. "मला वाटलं, तू."

रोज पहाटे उशाशी येऊन बसणारा तो आवाज, ज्याच्या भरवशावर सगळी आळी निर्धास्त कूस बदलायची, तो आवाज त्या दोघींना आता पहिल्यांदा ऐकू आला. तो थांबल्यावर ऐकू आला.

हौसा धावत गेली आणि सूपभर ज्वारी घेऊन आली. नव्या ज्वारीला अजून अवकाश होता. जुन्या कणगीतली होती, पण मोत्यासारखी टपोरी. तिनं आपल्या हातानं जात्याच्या तोंडात वैरण घातली. "दळ, मावशी. आजपासनं माझं दळण तुझ्याकडंच."

ठकूबाईनं खुंटा धरला. जातं फिरलं. घर्र. आणि जात्याच्या कडेनं दाणे बाहेर पडले. अख्खे. जसे गेले तसे. एकाही दाण्याला दगडाचा दात लागला नव्हता.

ती पुन्हा फिरवू शकली असती. मूठभर कोंडा मिसळून, बायांना घरी लावून, काहीतरी करून उद्या पिठासारखं पीठ देऊ शकली असती. हौसा तर तयारच होती. खोटं आता दोघींनी मिळून वाहायचं होतं. ठकूबाईनं हात उचलला.

"दगडाचे दात गेले, बायांनो. माझ्यावानी," ती म्हणाली, आणि तिच्या बोळक्या तोंडावर हसू आलं. "ज्वारी गिरणीतच घाला."

"आणि तू?"

ठकूबाई सांडलेल्या दाण्यांकडे बघत राहिली.

"दुपारी जेवायला ये," हौसा म्हणाली. हे बोलणं आळीत याआधीही झालं होतं आणि प्रत्येक वेळी मावशीनं "पोट भरलंय" म्हणून दार लोटलं होतं. आज तिनं दाराकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं.

"येते. भाकरी जरा मऊ कर."

बाया गेल्या. दिवस त्यांना बोलावत होता. धारा, बैल, घाणा. त्यांची पावलं आळीत विरली आणि घर पुन्हा तिच्याएवढं झालं. दार मात्र उघडं राहिलं होतं. उघड्या दारातून पौषाचं पिवळं, कोवळं, सोशिक ऊन आत आलं आणि सांडलेल्या ज्वारीवर पसरलं. तिनं केरसुणी घेतली नाही.

आधी एक चिमणी उंबऱ्यावर आली. मान वाकडी करून तिनं घर पाहिलं. मग दुसरी आली, मग भिंतीवरच्या, मग वळचणीतल्या, मग कुठकुठल्या. जात्याभोवती पंखांचं, चोचींचं, चिवचिवाटाचं रिंगण धरलं गेलं. दाणा उचलला जाई, दाणा पडे, दाणा उचलला जाई. त्या उजळ, उतावळ्या, इवल्याशा गर्दीत म्हातारी हलली नाही. हात मांडीवर. श्वास हलका. एक चिमणी उडाली आणि खुंट्यावर जाऊन बसली; आणि खुंटा स्थिर राहिला, आणि दगड स्थिर राहिला, आणि उन्हात बसलेली ठकूबाई, कुणाच्याही लेखी काहीच न दळणारी, स्थिर राहिली.