चोवीस मिलिमीटर

माझ्या लॅपटॉपमधला जबडा उत्तम चावतो. कवटी, खालचा जबडा, दोऱ्यांसारखे ताणलेले स्नायू, सगळं मी नागपूरला कॉलेजच्या प्रकल्पासाठी दीड वर्ष खपून उभं केलं. जबड्याचा सांधा कानापुढे असतो आणि तो दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही. तोंड मोठं उघडताना पुढे घसरतोही. किती फिरायचं, किती घसरायचं, ही बंधनं सॉफ्टवेअरला आपणच सांगायची. ती चुकली की जबडा कवटीत तरी घुसतो, नाहीतर उघडतच नाही.

आकडे घ्यायला निरोगी माणूस हवा होता. मागच्या दिवाळीत सानगडीला घरी गेले आणि बाबांनाच स्टुलावर बसवलं. त्यांच्या कपाळावर, हनुवटीवर आईच्या टिकल्या चिकटवल्या आणि समोर मोबाईल लावला. आई हसून हसून बेजार. जबडा डावीकडे, उजवीकडे, पुढे, सगळं व्यवस्थित झालं. तोंड उघडायला सांगितलं, तर पुढच्या दातांत अंतर फक्त चोवीस मिलिमीटर!

"बाबा, नीट उघडा ना."

"लेकीसमोर किती तोंड वासू, बाई?"

मला ते पटलं. इथेच माझी अक्कल गहाण पडली. बाबा जांभईसुद्धा हाताआड देतात, खर्र्यानं काळे पडलेले दात मला दिसू नयेत म्हणून. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा, याला आमच्याकडे कुणी व्यसन म्हणत नाही. म्हणून तर मीही त्यांना निरोगी धरलं होतं. लाजतात बिचारे, असं म्हणत मी चोवीस खोडला आणि पुस्तकातला, निरोगी माणसाचा पंचेचाळीस लिहिला. मॉडेल झकास चाललं, सर खूश झाले.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. "हर्षा, तुहे बाबा भाजी खाऊनच नाही राहिले वो. तोंडात आग होते मनतात. पोळी बी वरनात कुस्करून गिळतात. खर्रा तं सुरूच हाय."

जुनी मोजमापं काढली आणि खोडलेला आकडा मॉडेलला दिला. आधी सांध्यावरच संशय घेतला, त्याचं घसरणं बंद केलं. तोंड कमी उघडलं, पण जबडा बाजूलाही हलेना. बाबांचा तर छान हलला होता. म्हणजे सांधा ठीक होता. मग सांधा मोकळा सोडला आणि दोन्ही गालांत एकेक ताठ पट्टा ओढला. जबडा बाजूला नीट गेला, पुढे आला, आणि उघडताना चोवीसवर अडकला. लाज नव्हती ती. खर्र्यानं गाल आतून आवळत चालले होते, आणि ते मी वर्षापूर्वी मोजून खोडून टाकलं होतं.

सकाळच्या पहिल्या बसनं निघाले. वाटभर मनात भांडणच चाललं होतं. एवढं होऊनही खर्रा खातात, आज ऐकून घेणार नाही, रडले तरी सोडणार नाही. घरी पोचले तर बाबा ओसरीत बसलेले, गाल फुगलेला.

"थुंका आधी ते. तोंड उघडा."

थुंकले. मी दोन बोटं उभी धरून दातांत घालायला गेले. दुसरं बोट शिरलंच नाही. मोबाईलचा उजेड पाडला. गाल आतून पांढरे, लाकडासारखे कडक, आणि डावीकडे मागे एक चट्टा, काठ उचललेला.

"कधीपासून आहे हे? सांगितलं काहून नाही?"

बाबांनी सवयीनं तोंडावर हात धरला.

"तोंड तं तवाच कमी उघडे, बाई. मले भेव वाटे. पन तू मोजून नेलं, मनलं कंपुटरात जे असंन ते दिसंनच हिले. मंग तू काहीच नाही बोलली. मनलं, चांगलंच निंगालं असंन." ते थुंकलेल्या खर्र्याकडे बघत म्हणाले, "मंग खर्रा कायले सोडतो मी?"